लाहोर ते फरिदाबाद : नंदा घराणे, ‘एस्कॉर्ट्स’ आणि निर्वासितांच्या उद्योगकथेची भाषा

फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आणि सिंधमधून आलेल्या माणसांना मराठीत ‘निर्वासित’ हा शब्द मिळाला. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी समाजाच्या संदर्भात तो महाराष्ट्रात रुजला आणि उल्हासनगर वसल्यावरही बराच काळ टिकून राहिला. दिल्लीत त्याच माणसांना आधी ‘शरणार्थी’ म्हटले गेले. हा शब्द त्यांना बोचला, आणि थोड्याच काळात त्यांच्यातील अनेक जण स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेऊ लागले. मराठी शब्द घटना सांगतो, पहिला हिंदी शब्द याचना सुचवतो आणि दुसरा हिंदी शब्द याचनेचा इन्कार करतो. एकाच लोकसमूहाच्या या तीन नावांमध्ये दिल्लीच्या आसपासच्या औद्योगिक घराण्यांच्या इतिहासाचे बीज आहे. कारण ‘घराणे’ या शब्दाला आधी घर लागते, आणि ज्यांचे घर सीमेपलीकडे राहिले त्यांनी एक-दोन पिढ्यांत घराणे उभे केले, असा तो इतिहास आहे.

या घराण्यांपैकी नंदा कुटुंबाची कथा अभ्यासासाठी विशेष सोयीची आहे. हरप्रसाद नंदा आणि त्यांचे बंधू युदी नंदा यांनी १९४४ मध्ये लाहोरमध्ये ‘एस्कॉर्ट्स एजंट्स’ ही पेढी काढली. नावातच तिचे स्वरूप स्पष्ट होते. दुसऱ्याने बनवलेला माल गिऱ्हाइकापर्यंत सोबत करून पोचवायचा, स्वतः काही बनवायचे नाही. तीन वर्षांत लाहोर परदेश झाले. पेढी दिल्लीला आली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस शेतीयंत्रांसाठी वेगळी शाखा निघाली आणि मिनियापोलिस-मोलाइन या अमेरिकी कंपनीचे ट्रॅक्टर ती विकू लागली. पुढे फर्ग्युसन ट्रॅक्टरांची विक्रीही तिच्याकडे आली.

निर्वासिताच्या उद्योगकथेत सर्वस्व गमावून शून्यातून सुरुवात करण्याचा एक ठरलेला प्रसंग असतो. नंदांच्या बाबतीत तो जपून वापरला पाहिजे. मालमत्ता लाहोरमध्ये गेली हे खरे. परंतु एजन्सीच्या धंद्याची खरी पुंजी जमिनीत किंवा यंत्रांत नसते. ती ओळखीत, पत्रव्यवहारात, परदेशी उत्पादकाच्या विश्वासात आणि सरकारी कचेरीतल्या वावरात असते. ही पुंजी सीमा ओलांडून येऊ शकते, आणि ती आली. लाहोरच्या मध्यमवर्गाकडे असलेले इंग्रजीचे शिक्षण नव्या राजधानीत लगेच उपयोगी पडले. सरहद्द प्रांतातून आलेल्या शेतकऱ्याजवळ किंवा छोट्या दुकानदाराजवळ अशी वाहून आणण्याजोगी पुंजी नव्हती. ‘निर्वासित’ हा एकच शब्द या दोघांनाही लागू होतो, ही त्याची अडचण आहे.

हा फरक फरिदाबादमध्ये उघडपणे दिसतो. दिल्लीच्या दक्षिणेस मथुरा मार्गावर १९४९ पासून जे नवे नगर वसवले गेले, ते प्रामुख्याने वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी होते. बन्नू, डेरा इस्माइल खान या भागांतले लोक कुरुक्षेत्राच्या छावणीतून येथे आले. फरिदाबाद विकास मंडळाच्या कामात पंतप्रधान नेहरू जातीने लक्ष घालत. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या सहकारी चळवळीचा आधार त्याला होता आणि गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू मंडळावर होते. घरे आणि रस्ते ठेकेदारांकडून न बांधता निर्वासितांच्या स्वतःच्या सहकारी संस्थांनी बांधावेत, पुढे कारखानेही याच वाटेने उभे राहावेत, अशी मूळ कल्पना होती. या प्रयोगात तरुणपणी काम केलेल्या लक्ष्मीचंद जैन यांनी १९९८ मध्ये त्याचा वृत्तान्त पुस्तकरूपाने दिला. त्याचे नाव ‘द सिटी ऑफ होप’. आशेचे नगर हे नाव त्यांनी ज्या सुरात दिले आहे, त्यात अभिमानाइतकीच हळहळही आहे. नगर उभे राहिले, पण सहकारी कारखानदारीचा आराखडा मागे पडला आणि त्या जागी खाजगी कारखाने आले. बाटाचा कारखाना पन्नाशीच्या सुरुवातीलाच आला होता. ‘एस्कॉर्ट्स’ नंतर आली आणि फरिदाबादची ओळख बनली. निर्वासितांनी हातांनी बांधलेल्या गावात दुसऱ्या निर्वासिताचे कारखाने उभे राहिले. यात काव्यात्म न्याय शोधण्याचे कारण नाही. या दोन निर्वासितांची एकमेकांशी गाठ मालक आणि मजूर म्हणून पडली.

एजंटाचा कारखानदार होण्याची प्रक्रिया सरकारी धोरणाने घडवली. परकीय चलनाची टंचाई, आयातीवरील निर्बंध आणि १९५१ च्या कायद्याने आलेली परवाना पद्धती यांमुळे नुसती विक्री करणाऱ्याचे भवितव्य संपत आले होते. परवाना मिळवणाऱ्याला मात्र संरक्षित बाजारपेठ मिळत होती. पिस्टन रिंगांसाठी जर्मनीच्या ‘गोएत्से’ कंपनीशी १९५४ मध्ये सहकार्य झाले आणि पतियाळाजवळ कारखाना निघाला. मॅसी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरांचे उत्पादन १९६० मध्ये मद्रासच्या ‘टॅफे’कडे गेले. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या ‘उर्सुस’ कंपनीची वाट धरली. पोलिश तंत्रज्ञानावरच १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘राजदूत’ मोटारसायकल आली. पुढे फोर्ड कंपनीशी करार होऊन १९७१ पासून फोर्ड ट्रॅक्टर फरिदाबादेत बनू लागले. हा काळ हरित क्रांतीचा होता. पंजाब, १९६६ मध्ये वेगळा झालेला हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेश हे ट्रॅक्टरचे मोठे गिऱ्हाईक बनले. फाळणीने ज्या कुटुंबाला पंजाबबाहेर काढले, त्याच्या भरभराटीचा पाया पंजाबच्या उरलेल्या अर्ध्या भागातील शेताने घातला.

येथे किर्लोस्करांचे स्मरण होणे मराठी अभ्यासकाला अपरिहार्य आहे. दोन्ही कथांची सांगाड्यापुरती तुलना केली तर साम्य थक्क करणारे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. तेही सुरुवातीला दुसऱ्याने बनवलेला माल विकणारेच होते. तेथून ते कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांच्याकडे वळले. पहिले नांगर विकले जायला सुमारे दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यांनाही विस्थापन चुकले नाही. बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला लावली आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळ दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. एकाचा नांगर, दुसऱ्याचा ट्रॅक्टर. एकाला नगरपालिकेने हलवले, दुसऱ्याला राष्ट्रांच्या सीमारेषेने. एकाला संस्थानिकाचा आश्रय मिळाला, दुसऱ्याला परवाना देणाऱ्या शासनाचा.

दोन्ही कथा ज्या ठिकाणी एकमेकींपासून फुटतात, ते ठिकाण वाङ्मयीन आहे. किर्लोस्करवाडीने नांगराबरोबर एक मासिक काढले. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’ कारखान्याची बातमीपत्रिका होती. ती लवकरच ‘किर्लोस्कर’ मासिक झाली, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ तिच्या जोडीला आले. यंत्र, स्वावलंबन, विज्ञाननिष्ठा, स्त्रीशिक्षण, बुवाबाजीचा विरोध हे विषय कारखान्याच्या छापखान्यातून मराठी मध्यमवर्गाच्या घरात शिरले. लक्ष्मणरावांचे चरित्र शंकररावांनी मराठीत लिहिले आणि ते ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने वाचले गेले. शंतनुरावांनी पुढे आपले आत्मचरित्र इंग्रजीत, ‘कॅक्टस अँड रोझेस’ या नावाने लिहिले खरे. तोवर मराठी वाचकाला किर्लोस्कर घराणे साठ वर्षे परिचयाचे होते. अर्थात हा वाचकवर्ग बहुतांशी पांढरपेशा होता आणि किर्लोस्करवाडीतील कामगाराचा आवाज त्या मासिकांत फारसा नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. तरी कारखानदारी हा एका भाषेतील सांस्कृतिक चर्चेचा विषय बनला, हे श्रेय त्या घराण्याकडे जाते.

नंदा घराण्याजवळ असे काही नव्हते, आणि ते का नव्हते याचे उत्तर कुटुंबाच्या अभिरुचीत शोधणे अपुरे ठरेल. फाळणीपूर्व लाहोर हे उर्दू, पंजाबी, हिंदी आणि इंग्रजी या चार भाषांतील छपाईचे केंद्र होते. त्या शहरातला सुशिक्षित हिंदू कारभार आणि वर्तमानपत्र बहुधा उर्दू किंवा इंग्रजीत वाचत असे आणि बोलत पंजाबी असे. दिल्लीत आल्यावर उर्दूचा सार्वजनिक आधार झपाट्याने आटला, पंजाबी भाषा लिपीच्या आणि धर्माच्या राजकारणात सापडली आणि हिंदी ही नव्या राष्ट्राची भाषा म्हणून शिकायची भाषा ठरली. ज्या वाचकवर्गाशी आपल्या भाषेत बोलावे तो वाचकवर्गच विस्थापनात विखुरला. उरली ती इंग्रजी. हरप्रसाद नंदांचे आत्मचरित्र ‘द डेज ऑफ माय इयर्स’ १९९२ मध्ये इंग्रजीतच निघाले. मुंजाल कुटुंबाचेही तसेच झाले. आजच्या पाकिस्तानातील कमालिया या गावातून आलेल्या या बंधूंनी १९५६ मध्ये लुधियान्यात ‘हीरो’ सायकलींचा कारखाना काढला, १९८४ मध्ये होंडाशी करार करून गुडगावच्या पुढे धारुहेड्यात मोटारसायकली बनवल्या, आणि त्यांची कौटुंबिक हकीकत २०२० मध्ये सुनीलकांत मुंजाल यांनी इंग्रजीत लिहिली. सियालकोटहून येऊन दिल्लीत टांगा हाकलेल्या धर्मपाल गुलाटी यांची कथा हिंदीभाषक समाजात सर्वांत खोलवर पोचली. ती मुख्यतः जाहिरातीतून पोचली. फेटा बांधलेले हसरे आजोबा हेच तिथे कथानकही होते आणि निवेदकही.

फाळणीच्या सर्जनशील साहित्याने या माणसांकडे पाठच फिरवली. हिंदी-उर्दू-पंजाबीतील फाळणीकथेचा नायक गमावणारा असतो. नव्याने मिळवणारा तिथे दिसला तर संशयित म्हणून दिसतो. यशपाल यांच्या ‘झूठा सच’ या १९५८ आणि १९६० मध्ये दोन खंडांत निघालेल्या कादंबरीत लाहोरचा जयदेव पुरी जालंधरला येतो, एक छापखाना त्याच्या हाती येतो आणि तिथूनच त्याची नैतिक घसरण वाचकाला दिसू लागते. कादंबरीचे हे निदान एकांगी असेलही. तरी निर्वासितांच्या समृद्धीचे राजकीय ओळखीशी असलेले नाते तिने जितक्या लवकर टिपले, तितके ते उद्योगपतींच्या आत्मचरित्रांत क्वचितच आढळते. आत्मचरित्रात परवाना परिश्रमाचे फळ म्हणून येतो. कादंबरीत तो ओळखीचे फळ असतो. इतिहासकाराला दोन्ही साक्षी लागतात.

नंदा घराण्याविषयीचा सर्वांत मर्मभेदी मजकूर मात्र आत्मचरित्रातही नाही आणि कादंबरीतही नाही. तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे.

१९८२ मध्ये सरकारने अनिवासी भारतीयांना येथील कंपन्यांचे भाग शेअर बाजारातून विकत घेण्याची सवलत दिली. १९८३ मध्ये लंडनस्थित ‘कपारो’ समूहाचे स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डी.सी.एम. या दोन दिल्लीकर कंपन्यांचे भाग मोठ्या प्रमाणावर घेतले. एका गुंतवणूकदाराला एक टक्क्याची मर्यादा होती. पॉल यांच्या बाजूने तेरा कंपन्या खरेदीत उतरल्या होत्या. एस्कॉर्ट्सने या भागांची नोंदणी नाकारली. आयुर्विमा महामंडळाने, जे स्वतः मोठे भागधारक होते, संचालक मंडळातील नऊ जणांना दूर करण्यासाठी सर्वसाधारण सभेची मागणी केली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तेथे तिला बऱ्याच अंशी यश मिळाले. १९ डिसेंबर १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, रिझर्व्ह बँकेची परवानगी खरेदीनंतरही देता येते, आणि शासकीय संस्था भागधारक असेल तर अन्य भागधारकाप्रमाणे तिलाही सभा बोलावण्याचा हक्क आहे. त्यासाठी कारणे देण्यास ती बांधील नाही.

या खटल्यात पणाला लागले होते ते कंपनी कोणाची हे. एस्कॉर्ट्सच्या निम्म्याहून अधिक भागांची मालकी सार्वजनिक वित्तीय संस्थांकडे होती आणि नंदा कुटुंबाकडील भाग त्या मानाने फारच थोडे होते. परवाना पद्धतीच्या काळात उद्योगघराण्यांची ही सर्वसाधारण स्थिती होती. भांडवल बरेचसे जनतेचे, व्यवस्थापन कुटुंबाचे. ‘आम्ही हे घर बांधले’ हा दावा नैतिक दृष्टीने प्रबळ होता, आणि एकदा घर गमावलेल्या माणसाच्या तोंडी तो अधिकच प्रबळ वाटतो. कायद्याच्या भाषेत त्याला जागा नव्हती. तिथे घर नव्हते, भाग होते. निकालानंतरही कंपनी नंदांकडेच राहिली. पॉल यांनी काही काळाने आपले भाग विकून माघार घेतली. खटला हरूनही घराणे टिकले, कारण त्याला तारणारी आणि मारणारी शक्ती न्यायालयाइतकीच दिल्लीच्या सचिवालयात होती. पॉल यांची इंदिरा गांधींशी असलेली जवळीक सर्वश्रुत होती, आणि ऑक्टोबर १९८४ नंतर ते समीकरण उरले नव्हते.

भाषेच्या अभ्यासकाने या प्रकरणातील एक योगायोग नजरेआड करू नये. स्वराज पॉल यांचा जन्म १९३१ चा, जालंधरचा. मुलीच्या उपचारासाठी ते १९६६ मध्ये इंग्लंडला गेले आणि तेथे पोलादाच्या नळ्यांचा उद्योग उभारून पुढे लॉर्ड झाले. म्हणजे झगडा दोन पंजाबी स्थलांतरितांमधला होता. एकाला इतिहासाने ‘निर्वासित’ केले होते, दुसऱ्याला अर्थखात्याने ‘अनिवासी’ म्हटले होते. दोन्ही शब्दांचा धातू एकच, वस्. पहिल्यात निवास हिरावला गेला आहे, दुसऱ्यात तो स्वेच्छेने सोडला आहे. १९४७ मध्ये सहानुभूती पहिल्या शब्दाकडे होती. १९८० च्या दशकात सरकारी सवलत दुसऱ्याकडे वळली. डी.सी.एम. चालवणारे लाला श्रीराम यांचे कुटुंब जुन्या दिल्लीचे रहिवासी. त्यांनाही याच लढाईत नंदांच्या शेजारी उभे राहावे लागले, आणि त्या क्षणी दिल्लीच्या भांडवलात मूळचा आणि बाहेरचा हा भेद संपल्यासारखा झाला.

घराण्याची पुढची वाटचाल थोडक्यात सांगण्यासारखी आहे. हरप्रसाद यांचे पुत्र राजन यांचा विवाह राज कपूर यांची कन्या रितू यांच्याशी झाला होता. ‘बॉबी’ या १९७३ च्या चित्रपटातील छोट्या राजदूत मोटारसायकलीला लोक ‘बॉबी’च म्हणू लागले. पेशावर-लाहोरकडून आलेली दोन घराणी, एक चित्रपटाचे आणि एक यंत्रांचे, अशी पडद्यावर भेटली. कपूर घराण्याला लोककथेची जी भाषा आयती लाभली, ती नंदांना लाभली ती या वाटेनेच. राजन १९९४ मध्ये अध्यक्ष झाले. उदारीकरणानंतर परदेशी भागीदारांना भारतीय सोबत्याची गरज उरली नाही. यामाहाबरोबरचा मोटारसायकल उद्योग आणि जे.सी.बी.बरोबरचा खोदाई यंत्रांचा उद्योग २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हातून गेले. ओखल्याजवळचे १९८८ चे हृदयरोग रुग्णालय २००५ मध्ये फोर्टिसने घेतले. फोर्टिस ही रॅनबॅक्सीच्या सिंग कुटुंबाची, आणि त्या कुटुंबाचे भाई मोहन सिंग मूळचे रावळपिंडीचे. तीन वर्षांनी त्याच कुटुंबाने रॅनबॅक्सी जपानच्या दाइइची सांक्योला विकली. राजन नंदा २०१८ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र निखिल यांच्या काळात जपानच्या कुबोताने आधी अल्पसा भाग घेतला, २०२२ मध्ये तो वाढवून ती सर्वांत मोठी भागधारक झाली, आणि त्याच वर्षी कंपनीचे नाव ‘एस्कॉर्ट्स कुबोता’ झाले. अध्यक्षपद कुटुंबाकडे राहिले. १९८३ मध्ये जी गोष्ट आक्रमण म्हणून नाकारली गेली, ती चार दशकांनी भागीदारी म्हणून स्वीकारली गेली. दरम्यान बाहेरचा कोण याची व्याख्याच बदलली होती.

फरिदाबादच्या कारखान्यांची हकीकत इंग्रजीबाहेर, शहराच्या रोजच्या भाषेत कोणीच लिहिली नाही असे मात्र नाही. १९८२ पासून तेथे ‘फरीदाबाद मजदूर समाचार’ नावाचे छोटे हिंदी मासिक निघू लागले. कामगारांच्या तोंडून ऐकलेल्या पगाराच्या, पाळ्यांच्या, अपघातांच्या, ठेकेदारीच्या हकीकती साध्या हिंदीत छापून ते कारखान्यांच्या वाटांवर फुकट वाटले जाई. ‘किर्लोस्कर खबर’शी त्याची तुलना अद्याप कोणी केलेली दिसत नाही. दोन्ही कारखान्याच्या आवारातून उगवलेली नियतकालिके. एक मालकाच्या घरातून वाचकाच्या घरात गेले, दुसरे यंत्रावरच्या माणसाकडून निघून पुन्हा यंत्रावरच्या माणसाकडेच आले. फाळणीनंतर साठ-सत्तर वर्षांनी त्या वाटांवरून जाणारा कामगार बहुधा बिहारचा किंवा पूर्व उत्तर प्रदेशचा होता, म्हणजे पुन्हा एक स्थलांतरित, ज्याच्यासाठी निर्वासित, शरणार्थी किंवा पुरुषार्थी यांपैकी कोणताही शब्द वापरला जात नाही. २०१५ मध्ये दिल्ली मेट्रो फरिदाबादपर्यंत पोचली तेव्हा शेवटच्या स्थानकाला नाव मिळाले ‘एस्कॉर्ट्स मुजेसर’. मुजेसर हे तिथल्या जुन्या गावाचे नाव. लाहोरमध्ये एजन्सीसाठी निवडलेला इंग्रजी शब्द पाटीवर त्या नावाच्या आधी येतो.